आजारपणात फेरपरीक्षा: बसावं की पुढे ढकलावी?

प्रश्न: आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये स्थायिक. मुलगी तिथल्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात दोन विषय राहिले, त्यांची फेरपरीक्षा ऑगस्टच्या शेवटी आहे. जुलैत सगळे सांगलीला आलो आणि तिला डेंगी झाला. मिरजेत पाच दिवस ॲडमिट होती. आता ताप नाही, पण जिना चढली तरी दम लागतो आणि वाचलेलं डोक्यात राहत नाही. परीक्षा बारा दिवसांवर आली. तिचे आजोबा म्हणतात, "बसून तर बघ, झाली तर झाली पास." माझा भाऊ म्हणतो, ओळखीच्या डॉक्टरांकडून महिनाभराचं सर्टिफिकेट आणून देतो. मे महिन्यातही मायग्रेनमुळेच पेपर गेले, हे तिनं आम्हाला आत्ता सांगितलं. तिचं वर्ष जाणार का?

उत्तर: ताई, आधी आजोबांच्या सल्ल्याचं बघू, कारण तो मायेनं दिलेला असला तरी इथे महागात पडू शकतो. त्यांचा हिशोब आपल्याकडच्या परीक्षांचा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात विषय राहिला तर एटीकेटी लागते, पुढच्या वेळी फॉर्म भरून पुन्हा बसता येतं. म्हणून 'बसून बघ' म्हणण्यात तिथे फारसं काही जात नाही. ब्रिटनमधल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत मात्र 'फिट टू सिट' नावाचा नियम असतो. परीक्षेला हजर राहणं म्हणजेच 'मी परीक्षा देण्याइतकी बरी आहे' असं विद्यार्थ्यानं जाहीर करणं. नंतर कितीही खरं सर्टिफिकेट आणलं तरी ते मार्क सहसा तसेच राहतात आणि ती संधीही खर्ची पडते. फेरपरीक्षेच्या संधी मोजक्या असतात, काही ठिकाणी एकच. तेव्हा तिची अवस्था तुम्ही लिहिलीय तशी असेल, तर तिनं बसू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पण न बसण्याआधी अर्ज गेला पाहिजे. अर्ज न करता गैरहजर राहिली तर शून्य मार्क धरतात.

या अर्जाला कुठे 'एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणतात, कुठे 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस'. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर यातलं एक नाव टाकून शोधलं की फॉर्म आणि नियमावली सापडते. नियमावलीत तीन गोष्टी आज रात्रीच बघून घ्या: अर्जाची शेवटची तारीख, 'फिट टू सिट' लागू आहे का, आणि पुरावा नंतर जोडता येतो का. बहुतेक ठिकाणी अर्ज आधी टाकून कागद काही दिवसांत पाठवायची सोय असते, म्हणून कागदांसाठी अर्ज अडवून ठेवू नका. वेळेचाही घोळ होतो. उन्हाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिथली दुपारी १२ची मुदत सांगलीत दुपारी साडेचारला संपते.

आता सर्टिफिकेट. भावाला सांगा, ओळखीचं नको, इलाज केलेल्या डॉक्टरांचंच हवं. अशा अर्जांवर निर्णय घेणारी मंडळी असे कागद रोज बघतात, आणि शंका आली तर लेटरहेडवरच्या पत्त्यावर ईमेल करून खात्री करतात. खोटा किंवा मागची तारीख टाकलेला कागद निघाला तर विषय मार्कांपुरता राहत नाही, गैरवर्तनाची चौकशी लागते आणि विद्यार्थ्याला काढूनही टाकू शकतात. डॉक्टरही अडचणीत येतात. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद त्यांना रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. खरा आजार असताना खोट्या कागदाच्या भानगडीत पडू नका.

तुमच्याकडे खरे कागद भरपूर असतील. डिस्चार्ज कार्ड, ॲडमिट झाल्यापासूनचे सीबीसीचे रिपोर्ट (प्लेटलेट कुठल्या दिवशी किती होत्या ते त्यात दिसतं), डेंगीच्या टेस्टचा रिपोर्ट, बिलं. एखादा कागद हरवला असेल तर हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या. त्याच नियमांनुसार ॲडमिट झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी ३ वर्षं जपायच्या असतात आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. हे सांगितलं की 'पुढच्या आठवड्यात या' सहसा ऐकावं लागत नाही.

याशिवाय डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. आपल्याकडच्या सर्टिफिकेटमध्ये बहुतेकदा एवढंच असतं की अमुक रुग्ण या आजारानं आजारी होता आणि त्याला इतके दिवस विश्रांती सांगितली आहे. तिकडे अशा पत्रावर अर्ज अडकतात, कारण आजाराचा परीक्षेशी काय संबंध हे त्यातून कळत नाही. पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह हवं. डॉक्टरांचं पूर्ण नाव, पदवी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, फोन आणि ईमेल त्यात हवेत. मुलीचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच असू द्या. हॉस्पिटलात आडनाव आधी आणि वडिलांचं नाव मध्ये घालून नोंद होते, युनिव्हर्सिटीत तसं नसतं, आणि मग हा कागद नक्की हिचाच का असा प्रश्न निघतो. नोंद वेगळी असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं एक वाक्य डॉक्टरांना घालायला सांगा. मजकुरात आजार कधी सुरू झाला, कधीपासून कधीपर्यंत ॲडमिट होती, शेवटचं कधी तपासलं, सध्या काय त्रास आहे, आणि त्यामुळे दोन-तीन तास सलग बसून लिहिणं किंवा रोज अभ्यास करणं साधारण कुठल्या तारखेपर्यंत जमणार नाही, हे हवं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. डेंगीनंतरचा थकवा काही आठवडे टिकू शकतो हे डॉक्टरांना माहीतच असतं, पण मागितल्याशिवाय ते लिहीत नाहीत. म्हणून फॉलोअपला तिला घेऊन जा. तिला न तपासता लिहिलेल्या पत्राला काही वजन नाही.

कागद स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये तारखेच्या क्रमानं लावा. वाकडे काढलेले, सावली पडलेले फोटो पाठवू नका. मराठीत काही असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर जोडा.

फॉर्ममधलं निवेदन मुलीनंच लिहायचं, तुम्ही नाही. दोन-अडीचशे शब्द पुरतात. कुठल्या तारखेला काय झालं, कुठल्या विषयांच्या कुठल्या परीक्षांवर परिणाम झाला, तयारी कधी थांबली, आणि काय हवंय: 'या दोन परीक्षा पुढच्या संधीपर्यंत पुढे ढकलाव्यात.' मार्क वाढवून द्या असं लिहू नये, आजारपणाचे मार्क सहसा देत नाहीत. आईवडिलांनी केवढा खर्च केला, ती शाळेत किती हुशार होती, हेही नको.

तुम्ही स्वतः युनिव्हर्सिटीला फोन केलात तर 'आम्ही बोलू शकत नाही' एवढंच उत्तर मिळेल. अठरा पूर्ण झाली की माहिती तिची, तिच्या लेखी संमतीशिवाय पालकांना देत नाहीत. राग मानू नका. अर्जाआधी तिला स्टुडंट्स युनियनच्या ॲडव्हाइस सेंटरला ईमेल करायला सांगा. ही मंडळी युनिव्हर्सिटीच्या कार्यालयापासून वेगळी असतात, फुकट मदत करतात आणि अर्जाचा मसुदाही वाचून देतात. याचा उपयोग आपली मुलं फार कमी करून घेतात, याचं वाईट वाटतं.

मे महिन्याचं प्रकरण जास्त अवघड आहे, आणि खरं तर तेच जास्त मोलाचं. अर्ज मंजूर झाला तर ऑगस्टची परीक्षा फक्त पुढे जाईल, पण ती फेरपरीक्षाच राहील. फेरपरीक्षेचे मार्क पदवीच्या वर्गात बहुतेक ठिकाणी ४०वर रोखले जातात, ७० मिळाले तरी ४०च. मे महिन्यातलं कारण मान्य झालं, तर पुढची परीक्षा पहिलीच संधी धरतात आणि मिळतील ते मार्क पूर्ण मिळतात. त्यासाठी उशिराचा अर्ज किंवा अपील करावं लागतं. अपिलाची मुदत निकालापासून बहुधा १० ते २० कामकाजाच्या दिवसांची असते, ती उलटून गेली का ते आजच बघा.

उशिराच्या अर्जात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: तेव्हा त्रास होता, आणि तेव्हाच का सांगितलं नाही. 'लाज वाटली' किंवा 'माहीत नव्हतं' हे एकट्यानं सहसा पुरत नाही. मिरजेतले डॉक्टर आज मे महिन्याबद्दल लिहू शकणार नाहीत, 'रुग्ण असं सांगते' एवढंच लिहितील. पुरावा तेव्हाचा हवा. फेब्रुवारी ते मे दरम्यान ती जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे) गेली होती का? गेली असेल तर एनएचएस ॲपमधून ती नोंद आणि औषधांची यादी काढता येते. ट्यूटरला 'डोकं दुखतंय, लेक्चरला येऊ शकत नाही' असा ईमेल केला असेल तर तोही चालतो. असं काहीच नसेल तर आम्ही खोटी आशा लावणार नाही, हा अर्ज टिकणं कठीण आहे.

मात्र पुढच्या परीक्षांसाठी मायग्रेनची नोंद आताच करून घ्या. युनिव्हर्सिटीच्या डिसॅबिलिटी सर्व्हिसकडे ती होते. 'डिसॅबिलिटी' ऐकून आपल्याकडे घरातली माणसं दचकतात, लग्नाच्या वेळी कुणी विचारेल म्हणून नको म्हणतात. ही नोंद पदवीच्या प्रमाणपत्रावर येत नाही. २०१०च्या इक्वालिटी ॲक्टनुसार १२ महिने किंवा त्याहून जास्त टिकणारा आणि रोजच्या जगण्यावर ठळक परिणाम करणारा आजार त्यात बसतो. वारंवार येणारं मायग्रेन, टाइप १ मधुमेह, नैराश्य, आतड्याचे जुनाट आजार यांना सवलती मिळतात. २५ टक्के जादा वेळ म्हणजे तीन तासांच्या पेपरला ४५ मिनिटं, शिवाय मधे उठून विश्रांती, अंधुक दिव्याची वेगळी खोली. याची मुदत परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी असते, म्हणून सत्र सुरू होताच पहिल्या आठवड्यात करा.

एक आरोग्याची सूचना इथेच. मायग्रेनसाठी ती इबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेत असेल, तर डेंगीत या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुन्हा कधी सुरू करायच्या ते डॉक्टरांनाच विचारा.

वर्ष जाणार का, असं तुम्ही विचारलंत. वर्षाचे १२० क्रेडिट असतात. दोन विषय किती क्रेडिटचे, आणि ते मागे ठेवून तिसऱ्या वर्षात जाऊ देतात का, यावर ते अवलंबून आहे. काही ठिकाणी जाऊ देतात. नाही दिलं तर बहुधा वर्गात न बसता फक्त परीक्षा द्यायचं वर्ष मिळतं. तुम्ही तिथे स्थायिक आहात, म्हणून व्हिसाची काळजी बहुधा नसेल, पैशाची आहे: अशा हजेरीविना वर्षात मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्याखाण्याच्या खर्चाचं कर्ज, मिळत नाही. वर्ष हजेरीसह पुन्हा करायचं झालं तर स्टुडंट फायनान्स (शिक्षणासाठी कर्ज देणारी तिथली सरकारी यंत्रणा) साधारणपणे कोर्सची वर्षं अधिक एक एवढ्या वर्षांची फी कर्जाऊ देतं, आणि आजारपणाचा पुरावा दिला तर 'कंपेलिंग पर्सनल रीझन्स' (गंभीर वैयक्तिक कारणं) या सवलतीखाली आणखी विचार होतो. म्हणून मिरजेचे कागद युनिव्हर्सिटीला पाठवून झाले तरी फेकू नका.

साताऱ्याहून, कराडहून ब्रिटनमध्ये एकटं शिकायला गेलेल्या मुलांच्या पालकांसाठी थोडं वेगळं. स्टुडंट व्हिसावर असताना ६० दिवसांपेक्षा मोठा खंड पडला तर युनिव्हर्सिटी सहसा स्पॉन्सरशिप थांबवते आणि गृहखात्याला कळवते. परत जाताना नवा सीएएस (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो प्रवेशाचा दाखला) आणि नवा व्हिसा लागतो. खंड घेण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसशी बोलायलाच हवं. घर किंवा जमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलं असेल, तर हप्ते बहुधा कोर्स संपल्यावर एका वर्षानं सुरू होतात, आणि बँक जुनीच तारीख धरून बसते. मुदत लांबल्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र शाखेत देऊन पोच घ्या.

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आजारपणामुळे विषय कमी करता येतात किंवा सत्र सोडता येतं, पण एका पदवीच्या टप्प्यात मिळून १२ महिनेच, आणि डीएसओची (युनिव्हर्सिटीतल्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची) मंजुरी आधी लागते. आधी विषय सोडून मग विचारणारे व्हिसाचा दर्जा गमावतात. जर्मनीत परीक्षेच्या दिवसाचं डॉक्टरी पत्र लगेच द्यावं लागतं, नोकरीसाठीचा साधा आजारपणाचा दाखला बऱ्याचदा चालत नाही, आणि सगळ्या संधी संपल्या तर तोच विषय दुसऱ्या जर्मन युनिव्हर्सिटीतही शिकता येत नाही. ऑस्ट्रेलियात 'स्पेशल कन्सिडरेशन'ची मुदत अनेक ठिकाणी परीक्षेनंतर तीनच कामकाजाचे दिवस असते.

आणि मुलीकडे लक्ष द्या. मे महिन्यातला त्रास तिनं तीन महिने लपवला, तो रागावण्याच्या भीतीनं असेल. तिच्यासमोर चुलत भावंडांच्या निकालांची चर्चा थांबवा, आल्यागेल्याला 'परीक्षा पुढे गेलीय' एवढंच सांगा. झोप उडाली, जेवण तुटलं, 'मी सगळ्यांना ओझं झालेय' असं बोलायला लागली तर वाट बघू नका. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६वर मराठीतूनही बोलता येतं. इंग्लंडमध्ये एनएचएस १११ला फोन करून २ दाबायचं, समॅरिटन्स या मन मोकळं करायच्या हेल्पलाइनचा नंबर ११६ १२३. जिवाला धोका वाटला तर भारतात ११२, तिथे ९९९.

उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या, संध्याकाळपर्यंत तिला फॉर्म भरायला बसवा. परतीचं तिकीट मात्र अर्जाचं उत्तर येईपर्यंत बदलू नका. अर्ज नामंजूर झाला तर परीक्षेचा निर्णय पुन्हा घ्यावा लागेल, आणि तेव्हा ती तिथे पोहोचलेली असायला हवी.