जुन्या एटीव्हीचा कार्ब्युरेटर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (नागाव, अलिबाग) : पर्यटकांच्या फेऱ्यांसाठी घेतलेली ११० सीसीची आमची जुनी एटीव्ही (वाळूत आणि कच्च्या वाटेवर चालणारी चारचाकी बाइक) पावसाळ्याचे चार महिने शेडमध्ये उभी होती. आता चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोलचे मिश्रण देणारी खिट्टी) ओढला की ती सुरू होते आणि चोक सोडला की बंद पडते. वेग दिल्यावर मात्र बरी चालते. मेकॅनिकने आयडलिंगचा (वेग न देता इंजिन मंद चालू ठेवण्याचा) स्क्रू बराच आवळून पाहिला, पण गुण आला नाही. नवा कार्ब्युरेटर घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. आपण सांगितलेल्या लक्षणांतच दोषाची जागा दडलेली आहे. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. त्यात पेट्रोल एकाच वाटेने जात नाही. थ्रॉटल (वेग देण्याची झडप) मिटलेला किंवा जेमतेम उघडलेला असताना पायलट जेट ही बारीक छिद्राची तोटी इंजिनाला पेट्रोल पुरवते, मधल्या टप्प्यात स्लाइडला (थ्रॉटलबरोबर वरखाली सरकणाऱ्या दट्ट्याला) लोंबणारी निमुळती सुई प्रमाण ठरवते आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मेन जेटचा अंमल सुरू होतो. आपली गाडी वेगात नीट चालते, म्हणजे मेन जेट आणि सुई शाबूत आहेत. चोक ओढल्यावरच तग धरते, म्हणजे मंद गतीत पेट्रोल कमी पडते. सगळा संशय पायलट जेटवर जातो.

या जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. चार महिने कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलमधला हलका अंश उडून जातो आणि मागे उरणारा चिकट, पिवळसर थर ते छिद्र बुजवतो. त्यातच आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात तर त्याला ओलाव्याची ददात नसते. वाटी उघडल्यावर तळाशी पाण्याचे थेंब किंवा जस्ती-अल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी दिसली, तर कारण तेच समजावे.

जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनरने भिजवावा, मग दाबाच्या हवेने फुंकावा आणि उजेडासमोर धरून छिद्र आरपार गोल दिसते का, ते पाहावे. पिन, सुई किंवा लोखंडी तार छिद्रात कधीही घालू नये, कारण जेट मऊ पितळेचा असतो आणि एकदा ओरखडा पडला की त्याचे माप कायमचे बिघडते. आपण किनाऱ्यावरच राहता, तेव्हा मासेमारीच्या बारीक तंगुसाचा तुकडा या कामाला उत्तम. क्लीनर मारण्यापूर्वी रबराचे सर्व भाग बाजूला काढावेत, नाहीतर ते फुगतात. जेटइतकेच महत्त्वाचे म्हणजे ज्या भोकांतून पायलटचे मिश्रण कार्ब्युरेटरच्या हवेच्या नळीत उतरते, ती भोकेही फुंकून मोकळी करावीत. बहुतेक वेळा जेट साफ होतो आणि ही भोके तशीच राहून जातात.

आयडलिंगचा स्क्रू आवळल्याने स्लाइड वर उचलली जाते एवढेच; पायलटची वाट त्याने उघडत नाही. तो आता पूर्वीच्या जागी आणावा. त्याच्याजवळचा मिश्रणाचा स्क्रू वेगळा. तो स्लाइडच्या एअर फिल्टरकडील बाजूला असेल तर हवेचा असतो आणि आत फिरवल्यास पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाकडील बाजूला असेल तर पेट्रोलचा असतो आणि आत फिरवल्यास ते प्रमाण घटते. हा भेद न पाहता स्क्रू फिरवत बसल्याने कितीतरी चांगल्या गाड्यांचे सेटिंग बिघडलेले मी पाहिले आहे. कोणताही असला, तरी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्यावा, दीड फेरा बाहेर काढावा आणि इंजिन गरम झाल्यावर तिथून पुढे बारीक जुळवणी करावी.

एवढे करूनही गाडी चोकवरच चालत असेल, तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तपासावा. जुन्या गाडीत तो तडकतो आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. इंजिन चालू असताना जोडावर थोडे पाणी फवारावे. आवाज बदलला तर भेग तिथेच आहे. ही परीक्षा पेट्रोल शिंपडून करणारे लोक आहेत. गरम सायलेन्सरशेजारी तसे करणे म्हणजे आगीला बोलावणे आहे.

प्रश्न (काशीद) : गाडी पंधरा मिनिटे उत्तम चालते आणि मग आचके देत बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होते. कार्ब्युरेटर दोनदा साफ केला आहे.

उत्तर : तिसऱ्यांदा साफ करू नका. पुढच्या वेळी बंद पडताच पेट्रोल टाकीचे झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातील हवेचे छिद्र वाळूने किंवा मिठाने बुजले आहे. टाकीत हवा शिरली नाही, तर पेट्रोल खाली उतरत नाही. आवाज आला नाही, तर टाकीच्या कॉकमधली (पेट्रोल चालू-बंद करण्याच्या तोटीतली) जाळी आणि नळीतला फिल्टर पाहावा. तेही मोकळे असतील, तर गरम झाल्यावर ठिणगी कमजोर पडते का, हे बंद पडल्या क्षणी प्लग काढून तपासावे.

प्रश्न (ओंटारिओ, कॅनडा) : माझ्याकडे १९९३ ची होंडा फोरट्रॅक्स ३०० आहे. हिवाळ्यानंतर बाहेर काढली, तर कार्ब्युरेटरच्या नळीतून पेट्रोल टपकत होते. इंजिन ऑइलची पातळीही वाढलेली दिसते. चालवली तर चालेल का?

उत्तर : आधी ऑइल बदला, तोवर स्टार्टर दाबूसुद्धा नका. वाटीतील फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) सुई आपल्या बैठकीवर नीट बसत नाही, म्हणून पेट्रोल थांबत नाही. काही नळीने बाहेर पडले आणि काही इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळले. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येईल. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगला आणि पिस्टनला धरून राहत नाही, शिवाय या इंजिनात गिअर आणि क्लचही त्याच ऑइलवर चालतात.

मग वाटी उघडून सुईचे टोक पाहावे. त्यावर गोल खाच उमटली असेल, तर सुई बदलावी. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले, तर तो गळका आहे. फ्लोटची उंची सर्व्हिस मॅन्युअलमधील मापानेच ठेवावी, अंदाजाने पत्ती वाकवू नये. गाडी उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करण्याची सवय लावली असती, तर सुई खराब असूनही ऑइल वाचले असते.

प्रश्न (पाचगणी) : अलिबागहून जुनी २५० सीसीची गाडी आणली. तिथे छान चालायची. इथे चढावर दम टाकते, काळा धूर सोडते आणि प्लग काजळतो.

उत्तर : गाडी बिघडलेली नाही, हवा बदलली आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे आणि एवढ्या उंचीवर हवा जवळजवळ आठव्या हिश्श्याने विरळ होते. कार्ब्युरेटरला उंची कळत नाही. तो ओढून घेत असलेले पेट्रोल थोडे घटते, पण हवेइतके घटत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त होते. आधी एअर फिल्टर धुऊन पाहावा, कारण किनाऱ्यावरची वाळू आणि जुने तेल यांनी तुंबलेला फोमही हुबेहूब हीच लक्षणे दाखवतो. त्यानंतर मेन जेट एक माप लहान लावावा आणि मधल्या टप्प्यातही गाडी जड वाटत असेल, तर सुईची क्लिप एक खाच वर घ्यावी, म्हणजे सुई खाली उतरून पेट्रोल कमी होते. दोन्ही बदल एकाच दिवशी करू नयेत. एक करून चढावर चालवावे, मग प्लगचा रंग पाहावा. फिका चॉकलेटी रंग ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल अजून जास्त, पांढरा फटक म्हणजे कमी.

जेट लहान करताना एक भान ठेवावे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भागच पुरते. त्यामुळे इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्याच जेटमधून गेले, तरी मिश्रण इंजिनाच्या दृष्टीने आपोआप थोडे कमी पेट्रोलचे होते. म्हणून एका मापापेक्षा खाली घाईने जाऊ नये, आणि काढलेला मोठा जेट जपून ठेवावा. हंगामात गाडी पुन्हा किनाऱ्यावर नेणार असाल, तर निघण्यापूर्वीच तो परत बसवावा. लहान जेटवर वाळूत जोर लावला, तर इंजिन तापते आणि पिस्टनला इजा होते.