टी.वाय.ला आहे. गणित, क्वांटम की अवकाश, न सुटलेला प्रश्न कुठल्या विषयातला धरू?

तू विचारतोयस की नाशिकला टी.वाय. बी.एस्सी. करतोय, तिन्ही विषय आवडतात, तर आतापासून मागे लागण्यासारखा एखादा न सुटलेला प्रश्न कुठल्या विषयातला घ्यावा. (नाशिकरोडला अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे अरेतुरे सवयीनं होतंय. चालवून घे.)

आधी काय धरू नकोस ते सांगतो. मूळ संख्यांशी निगडित असलेलं रीमानचं अनुमान १८५९ पासून पडून आहे, सोडवणाऱ्याला दहा लाख डॉलर आहेत, आणि म्हणूनच तिकडे जाऊ नकोस. एस.वाय.ला असताना मी गोल्डबाखच्या अनुमानाच्या नादी लागलो होतो (२ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते, असं ते म्हणतं). तीस पानी ‘सिद्धता’ घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी दुसऱ्याच पानावर बोट ठेवलं: जे सिद्ध करायचं तेच मी गृहीत धरलं होतं. पुढची अठ्ठावीस पानं त्यांनी उलटलीसुद्धा नाहीत. अवकाशात विश्वाच्या प्रसरणाचा वेग ६७ की ७३ (किलोमीटर प्रति सेकंद, दर मेगापारसेक अंतरामागे) हा वाद मोठा गमतीचा आहे, पण तिथे दुर्बिणी लागतात आणि माणसांचे मोठे गट. आपण वाचायचं.

नाशिक म्हटलं की कुणीतरी कापरेकर आणि ६१७४ काढणारच. देवळालीच्या या मास्तरांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण चार अंकी आकड्याचे अंक (सगळे सारखे नकोत) उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत गेलं की ६१७४ वर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचता येतं, हे आज संगणक डोळ्याचं पातं लवेपर्यंत तपासून देतो. त्यांच्याकडून उचलायची ती त्यांची खोड: एक आकडा घ्यायचा आणि त्याला सोडायचं नाही.

म्हणून विषय निवडूच नकोस. ६ हा आकडा निवड.

चौकटीची वही घे आणि हे लिही:

+ + + +
+ − + −
+ + − −
+ − − +

कुठल्याही दोन ओळी एकमेकींखाली धर. निम्म्या जागी जुळतात, निम्म्या जागी जुळत नाहीत. याला हाडामार्ड मॅट्रिक्स म्हणतात. आता हेच ६ बाय ६ चं करून बघ. पहिली ओळ सगळी अधिक घेऊ. दुसरीत आधी तीन अधिक, मग तीन उणे. तिसरीतही तीन अधिक हवेत. त्यातले क अधिक पहिल्या तीन घरांत पडले, तर शेवटच्या तीन घरांत ३ − क अधिक आणि क उणे. म्हणजे दुसरी आणि तिसरी ओळ बरोबर २क जागी जुळते. जुळायला हवी ३ जागी. २क = ३ पूर्ण संख्येत होत नाही, खेळ खल्लास. असंच चाललं तर कळेल की १ आणि २ सोडले तर आकार ४ च्या पटीतच हवा. पण ४ च्या *प्रत्येक* पटीला असं मॅट्रिक्स असतंच का? हे कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. ४२८ चं २००५ साली सापडलं, त्यानंतर वर्षानुवर्षं गाडी ६६८ ला अडून राहिली.

हे कोडं नुसतं करमणुकीचं नाही. १९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरायला लागलं, दुसऱ्या ग्रहाच्या कक्षेत गेलेलं ते पहिलं यान. तिथून येणारा संदेश पृथ्वीवर पोचेपर्यंत क्षीण होतो, बिटं उलटतात. म्हणून ६ बिटांचा प्रत्येक तुकडा ३२ बिटांचा करून पाठवला. ते ३२ बिट म्हणजे ३२ बाय ३२ च्या अशाच मॅट्रिक्सची एक ओळ, किंवा तीच ओळ सगळी चिन्हं उलटून. ३२ ओळी आणि त्यांच्या ३२ उलट, झाले ६४ शब्द. कुठलेही दोन शब्द किमान १६ जागी वेगळे. म्हणजे वाटेत ७ बिटं बिघडली तरी मूळ शब्द कुठला ते इथे बसून ओळखता येतं. मंगळाचे ज्वालामुखी आपण वहीतल्या या अधिक-उण्यांच्या जिवावर बघितले, असं मी पोरांना सांगतो. थोडी अतिशयोक्ती आहे, माहीत आहे.

आता क्वांटम. तिथे घरात + आणि − च नाही, १ मापाची कुठलीही संमिश्र संख्या चालते, त्यामुळे ६ ला पुन्हा जागा मिळते. अशा मॅट्रिक्समधून मोजमापाच्या चौकटी बनतात: एका चौकटीत सगळं नक्की कळलं, तर दुसरीत काहीच कळत नाही. परिमाण २, ३, ४, ५ किंवा ७ असेल तर अशा चौकटी परिमाणापेक्षा एक जास्त मिळतात. म्हणजे ५ ला ६, ७ ला ८. आणि ६ ला? हाताशी तीनच आहेत. चौथी आहे की नाही, हेच ठाऊक नाही!

६ ची ही खोड जुनी आहे. ऑयलरचं ३६ अधिकाऱ्यांचं कोडं (६ पलटणींतले ६ हुद्द्यांचे अधिकारी ६ बाय ६ च्या चौकोनात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा) याच ६ वर अडलं, आणि १९०० च्या सुमारास टॅरीनं ते सुटत नाही हे दाखवलं. ऑयलरला वाटलं होतं १०, १४, १८ लाही तसंच होणार. १९५९ मध्ये बोस, पार्कर आणि आपले शरदचंद्र श्रीखंडे यांनी ते खोटं पाडलं. २०२२ मध्ये मद्रास आयआयटीच्या लोकांचा सहभाग असलेल्या गटानं ६ चं तेच कोडं क्वांटमच्या नियमांनी सोडवलं. या वळणावर मी स्वतः अडतो, पण तुला रेषीय बीजगणित नीट येत असेल तर त्या गटाचा लेख सहा महिन्यांत पचेल. जॅमचा (एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास त्यासाठी बुडवू नकोस, पुढे मार्गदर्शक मिळायला चांगल्या ठिकाणी प्रवेश लागतोच.

सुरुवात १२ बाय १२ च्या हाडामार्ड मॅट्रिक्सपासून कर. २ चं ४, ४ चं ८ नुसतं दुप्पट करत जाता येतं, १२ ला ती युक्ती चालत नाही. इंटरनेटवर तयार मिळेल, बघू नकोस. मला तीन रविवार आणि एक अख्खं खोडरबर लागलं होतं.