नागपुरात ट्रॅफिकची माणसं कमी आहेत, मग कोणत्या चौकात किती ठेवायची हे कसं ठरवायचं?

तुम्ही विचारलंय की प्रत्येक चौकातल्या गाड्या मोजून त्या प्रमाणात पोलीस वाटून दिले तर चालेल का. माझ्या मते नाही चालणार. एम.टेकच्या प्रोजेक्टसाठी मी सीताबर्डीतल्या एका चौकात आठ दिवस उभी राहून मोजणी केलीय आणि माझे बाबा आयुष्यभर याच ड्युटीत होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाची गोष्ट. एका बाजूची रांग संपतच नव्हती, हिरवा लागायचा, दहा-बारा गाड्या निघायच्या अन् परत लाल. चौकाच्या मधोमध दोघं जण शिट्ट्या वाजवून हात करून राहिले होते, पण अडचण तिथे नव्हतीच, चौक ओलांडल्यावर तीस-चाळीस पावलांवर चार ऑटो सवारीसाठी तिरपे लागले होते आणि त्यांच्यामागे सिटी बस अडकली होती. दोघांपैकी एक हवालदार तिकडे चालत गेला, ऑटो पुढे काढले, आणि दोन सिग्नलमध्ये रांग साफ झाली.

इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिचा हिशोब असा आहे की तासभर सलग हिरवा धरला तर रस्त्याच्या एका मीटर रुंदीमागे साधारण 525 कारएवढी वाहतूक सुटते, म्हणजे 9 मीटरच्या रस्त्याचे 3 मीटर ऑटोंनी खाल्ले की एक तृतीयांश क्षमता तिथेच गेली, मग मधोमध कितीही माणसं उभी करा. म्हणून गाड्या किती हे बघू नका, या पॉइंटवर, म्हणजे पोलीस उभा करायच्या या जागेवर, या अर्ध्या तासात एक माणूस वाढवला तर कोंडी किती कमी होते ते बघा. जिथे फरक सगळ्यात जास्त तिथे पुढचा माणूस द्यायचा, मग परत तोच हिशोब. दुसऱ्या माणसाचा फायदा पहिल्यापेक्षा कमीच निघतो बहुतेक ठिकाणी. सिग्नल नीट चालणारा मोठा चौक मागे पडेल आणि शाळेसमोरचं, बाजाराच्या तोंडाचं एखादं छोटं वळण वर येईल, घाबरू नका, ते बरोबर आहे.

आता सगळ्यांची चूक होते ती जागा. एक पॉइंट म्हणजे एक माणूस नाही! रोज दोन शिफ्ट धरल्या तर आठवड्याच्या 14 शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी सोडून माणूस 6 दिवस येतो, म्हणजे 14 भागिले 6, सव्वादोनच्या वर. त्यात रजा, कोर्टाची तारीख, ट्रेनिंग, बंदोबस्त धरला की तीन होतातच. म्हणजे 60 माणसं असतील तर 20 पॉइंट चालतील, कागदावर 30 दाखवले तर ते कुणाच्या तरी सुट्ट्या खाऊन दाखवलेले असतात. बाबा रात्री घरी येऊन मिठाच्या गरम पाण्यात पाय घालून बसायचे, सुजलेल्या घोट्यांवर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ उमटलेला असायचा, म्हणून मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो.

वेळेचं गणित मात्र जुनंच आहे. 1954 साली लेस्ली एडी यांनी न्यूयॉर्कच्या टोल नाक्यांवर गाड्यांची रांग मोजून कधी किती माणसं लागतात ते काढलं, आणि त्याच वर्षी जॉर्ज डँट्झिग यांनी दाखवलं की हे लिनिअर प्रोग्रामिंगमध्ये बसतं, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून कमीत कमी आकडा काढायच्या गणिती पद्धतीत. प्रत्येक अर्ध्या तासाला किमान किती माणसं हवीत ते लिहायचं, कोणकोणत्या वेळी शिफ्ट सुरू होऊ शकते ते लिहायचं, आणि एकूण माणसं कमीत कमी येतील असं सोडवायचं, एका विभागापुरतं एक्सेलमधल्या सॉल्व्हर नावाच्या सोयीतही होतं. सगळ्यांची शिफ्ट एकाच वेळी बदलायची गरज नाही, काहींना उशिरा बोलवा म्हणजे संध्याकाळी 5 ते 8 दोन्ही शिफ्टची माणसं हाताशी राहतील. मे महिन्याचा तक्ता वेगळाच करा, इथे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दुपारी सावलीत बसायचा वेळ शिफ्टमध्येच धरलेला पाहिजे, उरलं तर देऊ असं नको.

डिसेंबरचं अधिवेशन आणि त्याचे मोर्चे, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे लाखो लोक, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक, या तारखा आधीच माहीत असतात. तेव्हा सगळ्या पॉइंटवरून एकेक माणूस उचलू नका, जे पाच-सहा पॉइंट कधीच रिकामे ठेवता येत नाहीत ते आधी ठरवून ठेवा, बाकीच्यांतून घ्या. आणि रोजच दोन-तीन माणसं बाइकवर मोकळी ठेवा, बंद पडलेला ट्रक हलवायला चौकात बांधलेला माणूस जाऊ शकत नाही.

तुम्ही 15-15 मिनिटांची मोजणी केली असेल तर खाली टाका, रांग कुठपर्यंत जाते तेही लिहा, आणि पाऊस पडलेला दिवस वेगळा ठेवा. शिफ्टचा तक्ता मी मांडून देते.