देवीचा वण

मनू,

शाळेच्या सहलीत इथे इंग्लंडमधल्या बर्कलीला, देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेनरचं घर बघून आलीस आणि जेवताना विचारलंस, "आई, रोगाला देवी काय म्हणायचं? इथे लस शोधत होते आणि तुमचे लोक हात जोडत होते?" मी ताटं उचलायच्या निमित्तानं उठले. ते 'तुमचे लोक' जरा लागलं.

मिरजेच्या आजीच्या गालांवर देवीचे वण होते, फोटोत नीट दिसत नाहीत. लहानपणी त्या खळग्यांवरून बोट फिरवत मी झोपायचे. तिचा धाकटा भाऊ त्याच साथीत गेला. "देवीनं नेलं" म्हणायची. "मेला" हा शब्द त्याच्यासाठी कधी तोंडातून आला नाही.

मला चौथीत कांजिण्या आल्या, तोवर देवी रोग म्हणून संपलीच होती. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 चा. तरी आजीनं दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला. घरात फोडणी बंद, बाहेरच्यांना उंबऱ्यातूनच निरोप. मी रोज दहीभात खाल्ला आणि पाहुणी आलेल्या देवीला फोडणीचा वास सोसत नाही असं समजून चाललं. आता वाटतं, माणसं लांब ठेवायची ती सोय असेल. पण मग दादाला माझ्याच अंथरुणात का झोपवत होते? त्यालाही आल्याच! तेव्हा सगळं शास्त्रच होतं, असलं काही मी सांगणार नाही. देवी कोपेल म्हणून टोचून न घेणारेही होते.

आजी मात्र त्यातली नव्हती. मी तान्ही असताना तिनंच आईला पिटाळलं, "पोरीला देवी काढून आण." रोगही देवी, टोचणंही देवी. माझ्या दंडावरचं जे 'बटण' तू दाबायचीस ना, ते तेच.

जेनरनं 1796 मध्ये आठ वर्षांच्या मुलाला टोचलं. 14 जून 1802 ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं, आणि तिच्या फोडातली लस पुढे दुसऱ्यांच्या दंडात गेली.

आणि जेनरच्या बागेतली ती झोपडी पाहिलीस ना, जिथे तो गरिबांना फुकट टोचायचा? तिला तो 'टेंपल ऑफ व्हॅक्सिनिया' म्हणायचा. देऊळच की गं! (वादात जिंकायला सांगत नाहीये. बरं, थोडं त्यासाठीही सांगतेय.)

रविवारी आत्याला फोन लावणार आहे. तिच्या दंडावर दोन वण आहेत, त्याची गोष्ट ती माझ्यापेक्षा रंगवून सांगते. कंटाळा आला तर खोलीतच बस, मी हाक मारणार नाही.

आई