टीका प्राचार्यांवर, चेष्टा ज्युनिअरची

प्रश्न: माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या फीवाढीवरून त्याने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्राचार्यांची खिल्ली उडवली. त्याच आठवड्यात, बोलताना अडखळणाऱ्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाच्या भाषणाची क्लिप कापून, तिच्यावर विनोदी मजकूर चढवून तीही टाकली. दोन्हींबद्दल रॅगिंगची एकच नोटीस आली आहे. खुलाशाला तीन दिवस दिलेत. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर लढता येईल का?

उत्तर: अर्ध्या नोटिशीपुरतं लढता येईल. उरलेल्या अर्ध्यासाठी तो मुद्दा काढलात, तर भक्कम बाजूही पातळ होईल.

आधी फीची पोस्ट. प्राचार्य म्हणजे ‘विद्यार्थी’ नव्हेत, त्यामुळे त्यांच्यावरची टीका रॅगिंगच्या व्याख्येत बसतच नाही. शिवीगाळ किंवा खोटा आरोप नसेल, तर फीवाढीवरची बोचरी पोस्ट हे घटनेच्या कलम १९ने जपलेलं बोलणं आहे. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं, ते याच धाटणीच्या कारणासाठी: कुणाला मनस्ताप झाला, एवढ्यावर बोलणं गुन्हा ठरवता येत नाही. कॉलेज खासगी असेल तर ‘आम्ही सरकार नाही, कलम १९ आम्हाला लागू नाही’ असं ते म्हणतील. म्हणून घटनेवर सगळा भार न टाकता ‘हे रॅगिंगच नाही’ हा साधा मुद्दा पुढे ठेवा.

आता ती क्लिप. मुलगा ‘गंमत केली’ म्हणत असणार. बहुतेक सगळे तेच म्हणतात. पण महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात विद्यार्थ्याला लाज वाटेल किंवा मानसिक इजा होईल असं वागणं हेच रॅगिंग आहे, आणि चिडवणं व चेष्टा करणं त्यात शब्दशः घातलेलं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९च्या रॅगिंगविरोधी विनियमांत तोंडी आणि लेखी, दोन्ही शब्द येतात. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या रॅगिंगविरोधी हमीपत्रावर तुमचीही सही असेल, ते काढून वाचा. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून जड म्हणजे पाच वर्षं कुठेही प्रवेश नाही. लेखी तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. त्यांनी कानाडोळा केला तर तेच अडकतात, तेव्हा ‘सर, मिटवून घ्या’ म्हणत त्यांच्या केबिनमध्ये जाऊ नका.

खुलासा दोन स्वतंत्र भागांत लिहा. पहिल्यात पोस्टचा बचाव ठामपणे करा. दुसऱ्यात तक्रारीची आणि पुराव्याची प्रत मागा, कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणं मांडू देण्याची विनंती करा. माफी मागावी असं माझंही मत आहे, मुलाने खरोखरच मागावी. पण प्रकरण पोलिसांत जाऊ शकतं आणि लेखी माफी कबुलीजबाब म्हणून वाचली जाते, म्हणून तिचा मसुदा वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय देऊ नका.

क्लिप ग्रुपवरून काढायची असेल तर आधी स्क्रीनशॉट ठेवा आणि समितीला कळवून काढा. गुपचूप पुसलंत, तर पुरावा नष्ट केल्याचं बालंट येईल. त्या ज्युनिअरच्या आईवडिलांना मात्र तुम्ही फोन करायचा नाही. तुम्ही विनवणी केली, तरी पलीकडे तो दबाव वाटतो.

समितीने दोन्ही बाबी एकत्र करून एकच शिक्षा दिली, तर अपिलात तोच तुमचा सर्वांत चांगला मुद्दा ठरेल. संलग्न कॉलेजच्या बाबतीत विनियमांनुसार अपील कुलगुरूंकडे करता येतं. तीन दिवस अपुरे असतील तर मुदतवाढीचा अर्ज उद्या सकाळीच द्या, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.