वाचकांचे प्रश्न : जिराफांसमोर जेवायचे, पण कोणत्या वेळी?

प्रश्न : आम्ही पतिपत्नी डिसेंबरात लेकीकडे अमेरिकेला जात आहोत. लेक, जावई आणि नऊ व चार वर्षांची दोन नातवंडे यांच्यासह फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाण्याचा बेत ठरला असून, तेथील रिसॉर्टमधल्या एखाद्या थीम रेस्टॉरंटमध्ये सर्वांनी मिळून एकदा तरी जेवावे, असा जावईबापूंचा आग्रह आहे. मिकी माउस टेबलापाशी येतो ते ‘शेफ मिकीज’ आणि खिडकीतून जिराफ दिसतात ते ‘सना’, अशी दोन नावे त्यांनी सुचवली आहेत. आम्ही दोघे शाकाहारी आहोत, घरात मार्गशीर्षातले गुरुवार पाळले जातात आणि या वयात आमचे जेवण चार घासांचे उरले आहे. यांपैकी काय निवडावे?
— एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : सना निवडा आणि दुपारच्या जेवणालाच जा. अशा ठिकाणी आपण पैसे मोजतो ते निम्मे ताटातल्या पदार्थांसाठी आणि निम्मे समोर जे दिसते त्यासाठी. सना हे अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किडानी व्हिलेज या भागात असून त्याच्या मोठ्या खिडक्यांबाहेरच्या कुरणात जिराफ, झेब्रे आणि अंकोले जातीची गुरे मोकळी चरत असतात. या गुरांची शिंगे आपल्याकडची खिल्लार जोडी पाहिलेल्या माणसालाही थक्क करतील अशी आहेत. मात्र डिसेंबरात ऑरलँडोला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्री आठचे टेबल मिळाले, तर काळ्या काचेत स्वतःचेच चेहरे पाहत जेवावे लागेल. खिडकीलगतचे टेबल हमखास मिळत नाही आणि जनावरेही आपल्या सोयीने समोर येत नाहीत, तेव्हा जेवण आटोपल्यावर बाहेरच्या कठड्यापाशी थोडा वेळ काढावा. रिसॉर्टमध्ये जेवायला थीम पार्कचे तिकीट लागत नाही, त्यामुळे हा कार्यक्रम पार्कमध्ये न जाण्याच्या दिवशी ठेवता येतो.

शाकाहाराच्या दृष्टीनेही सनाच सोयीचे आहे. तेथील स्वयंपाकावर आफ्रिकेबरोबर भारताचीही छाप असून ‘ब्रेड सर्व्हिस’ हा त्यांचा नावाजलेला प्रकार म्हणजे नान, कुलचा, पराठा अशा भाकऱ्या-पोळ्यांच्या भाऊबंदांसोबत काकडीचे रायते, चिंचेची व कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचे लोणचे अशी नऊ तोंडीलावणी. दोघांना चार घासांसाठी एवढे पुष्कळ होते. कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर मात्र तेथे फारशी आशा ठेवू नये. टेबल राखतानाच शाकाहाराची नोंद करावी आणि नानमध्ये अंडे आहे का, गोड पदार्थात जिलेटीन आहे का, हे वाढणाऱ्याला स्पष्ट विचारावे. असे विचारण्यात तेथे कोणाला काही वावगे वाटत नाही. त्याच रिसॉर्टमधल्या ‘बोमा’ या बफेत मिळणारा ‘झेब्रा डोम’ मुलांना पाहताक्षणी हवासा वाटतो, पण त्यात आमरुला नावाचे मद्य असते, हे आजींना आधीच ठाऊक असलेले बरे.

शेफ मिकीज कंटेम्पररी रिसॉर्टमध्ये आहे. मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी आणि प्लूटो टेबलाटेबलाशी येऊन फोटो काढून देतात, आणि इमारतीच्या आतून मोनोरेल जाते, हेही मुलांना आवडते. अडचण दराची आहे. बफेचा दर माणशी ठरलेला असतो. आपण फळांच्या दोन फोडी खाल्ल्या तरी तो पूर्णच द्यावा लागतो, आणि ऐन गुरुवारी गेलात, तर उपास सांभाळून सगळे पैसे मोजावे लागतील. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना मुलांचा दर असतो, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचा. थोरल्या नातवंडाचा वाढदिवस जवळ आला असेल, तर तारीख तपासावी. शिवाय हे मिकी-गूफी बोलत नाहीत, केवळ हावभाव करतात, आणि ते भले मोठे मुखवट्याचे डोके हातभर अंतरावर आले की चार वर्षांचे मूल आईला बिलगण्याचा संभव असतो. धाकट्याला अशी भीती वाटत नसेल आणि हौस करायचीच असेल, तर लेक-जावयांनी मुलांना घेऊन सकाळच्या न्याहारीला जावे. आपण दोघांनी त्या दिवशी विश्रांती घ्यावी.

टेबल साठ दिवस आधीपासून राखता येते आणि नाताळच्या सुट्टीत ते लवकर भरते, म्हणून हे काम जावईबापूंवर आताच सोपवावे. सहा किंवा अधिक माणसे एका टेबलावर असली, की बिलात १८ टक्के टिप आधीच धरलेली असते. आपण नेमके सहा जण आहात. बिलाखाली टिपेसाठी आणखी एक रिकामी ओळ असते, ती भरण्याची सक्ती नाही. बिल जावईबापू देणार असले, तरी एवढे त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.