सारंगखेड्याच्या घोड्याचा फोटो, थोडं काम बाकी आहे

भाऊ फोटो भारी आलाय, दत्तजयंतीच्या यात्रेत एवढी मोकळी फ्रेम मिळत नाही. पण नुसतं सॅच्युरेशन शून्य करून ब्लॅक अँड व्हाइट नको करू, फाइलमधे मूळ रंग राहू दे अन् ब्लॅक अँड व्हाइट मिक्सरमधे (कोणता रंग किती उजळ दिसावा ते ठरवणारे स्लायडर) ऑरेंज वर ने, माणसाचा चेहरा उजळेल, फक्त घोडा तांबडा आहे ना त्यामुळे तोपण सोबत उजळणार, मग घोड्याला वेगळा मास्क लावून (म्हणजे फक्त घोडा निवडून) एक्स्पोजर, म्हणजे उजेड, खाली घे. फेटा पार पांढराफटक झालाय, रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल) असेल तर हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, खाली ओढून बघ, घड्या दिसतील कदाचित. घोड्याच्या डोळ्यातली चमक हलकीच डॉज (उजळ) कर, जास्त झालं की काचेचा वाटतो. मागचा तंबू थोडा बर्न (गडद) कर. अन् क्रॉप करताना कान कापू नको बाबा, आत वळलेले कान हीच तर मारवाडी घोड्याची ओळख!